तीन हाका

"आता मला सांगा, यातली खोटी हाडं कुठली?"

हेतलने हे नेहमीच्या झोकात विचारलं. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातातली छडी वर देवमाशाच्या फासळ्यांकडे, आणि मान अशी तिरकी की आता गंमत येणार हे अगदी मागच्या रांगेतल्या आजोबांनाही कळावं. रविवार होता. कोल्हापूरहून दोन गाड्या भरून मंडळी आली होती. कुणाच्या कडेवर पेंगुळलेलं बाळ, कुणाच्या हातात अर्धवट खाल्लेलं कणीस, एक काका मोबाईल उंच धरून सगळा सांगाडा एका फोटोत मावतो का ते बघत मागे मागे सरकत कासवाच्या टाकीवर आपटलेले. पोरं नुसती पिसाळली होती. "ती! ती वाकडी! नाही, तिच्या शेजारची!" रत्नागिरीच्या त्या मत्स्य संग्रहालयात हा खेळ हेतलनेच सुरू केलेला. तिच्या आधी म्हणे मार्गदर्शक नुसते फलक वाचून दाखवायचे आणि लोक जांभया द्यायचे. आता रविवारी दारावरचा पहारेकरीसुद्धा आत येऊन उभा राहायचा. तर पोरं ओरडत होती, हेतल "चूक! साफ चूक!" म्हणून त्यांना आणखी चेकाळवत होती, आणि तेवढ्यात समुद्रघोड्यांच्या टाकीमागे, हिरवट पाण्याच्या पलीकडे, तिला एक पोपटी पदर दिसला. मग पदराखालचा हात दिसला. मग हातातली कापडी पिशवी, जिचा एक बंद तुटलेला आणि गाठ मारून जोडलेला. ती गाठ हेतलने स्वतः मारली होती. आई. टाकीतल्या पाण्याने आईचा चेहरा जरा लांबुळका केला होता आणि एक समुद्रघोडा तिच्या गालावरून सावकाश वर चढत होता. आई तिच्याकडे बघत होती, बाकीचे पाहुणे बघत होते तशीच, मान वर करून. आणि हे व्हायला नको होतं. कारण आईच्या लेखी, आजीच्या लेखी, वेळणेश्वराच्या पलीकडच्या त्यांच्या सगळ्या वाडीच्या लेखी, हेतलला आवाजच नव्हता. दोन वर्षं झाली, तिची वाचा बसली होती.

पण गंमत अशी की ती थांबली नाही. थांबायला हवं होतं, घसा धरून खोकायला हवं होतं, छडी पडायला हवी होती. तसलं काही झालं नाही. आवाज आपला आपण पुढे चालत राहिला, उताराला लागलेल्या सायकलसारखा. "डावीकडून बघा, ही, ही आणि ती टोकाची. या तीन प्लास्टरच्या! खऱ्या सापडल्याच नाहीत. पण रंग असा लावलाय की खुद्द देवमाशालाही कळायचं नाही." लोक हसले. हेतलही हसली, आणि हसता हसता तिच्या मनात आलं, आपल्याकडे तर बाबांची सगळीच खोटी घालणार होते. पळसाचे देठ. हातांचे इतके, पायांचे इतके, फासळ्यांचे इतके असे मोजून ठेवायचे, वर नारळाचं डोकं, आणि त्याला बाबांचा तो निळा सदरा. एकसुद्धा हाड खरं नाही. त्या माणसाला रंग कोण लावणार होतं?

दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी ओहोटी होती. शिमग्याच्या अलीकडची अवस. दिवाळीच्या तोंडावर बाबांची होडी वादळात उलटली त्याला चार महिने होऊन गेलेले. बाकीचे खलाशी हाती लागले, दोघे जिवंत, एक तसा. बाबा कुठल्याच प्रकारे लागले नाहीत. होडीचा एक फळा वाहत आला, जाळ्याचे बुचे आले, एकदा तर बाबांची थर्मासची बाटलीसुद्धा आली, झाकण घट्ट लावलेली, आत अजून चहा. तो चहा ओतून टाकायला कुणी धजेना. शेवटी आजीने तो तुळशीत ओतला आणि तुळस वाळली, म्हणजे तशीही ती वाळायलाच आली होती. तर त्या अवसेला सगळी वाडी पुळणीवर जमली आणि हेतलला घोट्याएवढ्या पाण्यात उभं केलं. सातवीत होती ती. शाळेचाच फ्रॉक होता अंगात. भागोजी तात्या तिच्या मागे उभे राहिले. वाडीतले जुने तांडेल, असल्या वेळी काय करायचं ते त्यांना विचारायचं. ते हळूच म्हणाले, "मार गो बाय हाक. तीनदा मारायची. येक मारलीस की लाट येवन जाईपातूर थांबायचा. आन् नावानं मार. बाबा म्हनू नको. दर्याला नाता कळत नाय, नाव कळता."

त्यांच्या वाडीची ही रीत. समुद्राने ठेवून घेतलेल्या माणसाला त्याच्या पोराने तीनदा नावाने हाक मारायची. तिन्ही हाकांना ओ आली नाही, की मगच तो गेला म्हणायचं. मगच पळसाचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, मगच बायकोने कुंकू उतरवायचं. आणि मगच रडायचं. त्याच्या आधी रडायचं नाही. आधी रडलं तर तो वाटेत असेल तिथे बुडतो, असं म्हणतात. त्यामुळे त्या पुळणीवर एवढी माणसं होती, तरी शेतातल्या बुजगावण्यांसारखी गप्प होती. हेतलने तोंड उघडलं. तोंडात खारा वारा गेला. बाबांचं नाव, शिवा, केवढंसं नाव, दोन अक्षरं, तात्यांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळे घ्यायचे, ते तिने जन्मात घेतलेलं नव्हतं. बापाला कोण नावाने हाक मारतं? तिने तोंड उघडं ठेवलं आणि पायाखालची वाळू सरकत राहिली. पाणी आणखी मागे गेलं. घोटे कोरडे पडले. तात्यांनी तिला धरून दोन पावलं पुढे नेलं, पुन्हा पाणी मागे गेलं. मागे आईचा श्वास अडवून धरलेला होता, तो हेतलला पाठीवर जाणवत होता, उन्हासारखा. रूपेशकाका, बाबांचा धाकटा भाऊ, शेवटी म्हणाला, "नायतर मी मारतंय. पोरीचा हाल नको." तर तात्या म्हणाले, "पोर असताना भावाची चालत नाय रे." संध्याकाळ झाली. माणसं एकेक करून वर गेली. "वाचा बसली पोरीची," कुणीतरी म्हणालं, आणि ते शब्द इतके सोयीचे होते, असे अंगाबरोबर बसले, की हेतलने ते घालूनच टाकले.

गुहागरच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं आणि घसा अगदी छान आहे म्हणाले. आजीने नारळ बोलला. कुणी सांगितलं पोरीला पाण्यापासून लांब ठेवा, म्हणून रत्नागिरीला मुलींच्या वसतिगृहात आणून घातलं, जिथल्या गच्चीवरून तिन्ही बाजूंना पाणीच दिसतं. पण खरं काय ते हेतलला आजही सांगता आलं नसतं. तेव्हा आवाज नव्हता, की होता आणि तिने तो दिला नाही? रात्री गोधडीत तोंड खुपसून तिने कधी 'अ' म्हणून बघितलं होतं का? बघितलं होतं बहुतेक. आला होता का? इथे येऊन तिचं मन नेहमी बगल द्यायचं. एवढं खरं की हाक मारली नाही तोवर बाबा कुठेतरी होते. घरी रोज रात्री त्यांचं ताट वाढलं जात होतं, भात, वर कालवण, कडेला मीठ. सकाळी ते मांजर खायचं आणि मांजर चांगलं गुबगुबीत झालं होतं. आणि आई रडली नव्हती. दोन वर्षांत एकदाही नाही. एकदा कांदा चिरताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तर तिने दचकून पदराने डोळे पुसले आणि ओटीवर बसलेल्या शेजारच्या हौसाआजीकडे बघून घाईघाईने म्हणाली, "कांदा हाय हो! कांदा हाय!" हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नव्हतं, आणि ज्या बाया बोलावण्यातून गळल्या होत्या त्याही तिला आपल्यात बसवून घेत नव्हत्या. बाजारात पाटी घेऊन बसली तरी तिची जागा दोन्हींच्या मध्ये, गटाराजवळची. हे सगळं हेतल सुटीत घरी गेली की बघायची. बघायची आणि नुसती मान हलवायची.

आणि आवाज आला तो कसा, तर हसायलाच येईल. आठवीत दीप्तीमॅडमनी वर्ग इथे आणला होता. दीप्तीमॅडम विज्ञान शिकवायच्या, स्वतः लांज्याकडच्या, बोलायला लागल्या की हात असे हलवायच्या की पहिल्या बाकावरच्या मुली मागे सरकून बसायच्या. बाकीच्या मुली कासवाकडे पळाल्या. हेतल मात्र देवमाशाखाली उभी राहिली, कारण तोही गप्प होता. वर बघता बघता तिला त्याच्या परांत हाताची हाडं दिसली. मनगट, तळवा, लांब लांब बोटांची पेरं. पोहायच्या वल्ह्यात लपवून ठेवलेला अख्खा हात! मागून मॅडमनी वर्गाला विचारलं, "सांगा, किती बोटं?" कुणी पाच म्हणालं, कुणी सहा, एक शहाणी वीस म्हणाली, आणि हेतलच्या तोंडून निघालं, "चार." म्हणालीच ती. तिला स्वतःला ऐकू आलं. जरा घोगरा, खाली जाऊन आलेला, पण तिचाच. ती जागच्या जागी थिजली आणि आजूबाजूला बघू लागली, की आता काय होतं, कोण मरतं. काहीच झालं नाही. पहारेकऱ्याने जांभई दिली. एक खेकडा दुसऱ्या खेकड्यावर चढला. मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग जणू रोजचंच असल्यासारखं म्हणाल्या, "बरोबर. अंगठा नाही. आणखी काय दिसतंय?" आणि हेतलला आणखी पुष्कळ काही दिसत होतं.

मग तिला स्वतःच्या आवाजाचं वेडच लागलं. प्रार्थनेनंतरच्या बातम्या तीच वाचायची, वक्तृत्वात तालुक्यात दुसरी आली, वसतिगृहाच्या बाईंची नक्कल अशी करायची की एकदा खुद्द बाई दारामागे उभ्या राहून हसल्या. मुली हात जोडायच्या, "हिला कुणीतरी गप्प करा गं!" 'शेवटच्या रांगेकडे बघून बोल,' हे मॅडमनी शिकवलं होतं. 'पुढच्यांना आपोआप ऐकू जातं.' नववीत मॅडमनीच संग्रहालयात शब्द टाकला आणि रविवारची मार्गदर्शक म्हणून तिच्या छातीवर बिल्ला लागला. आरशात बघून ती केसांचा भांग बदलायची, उंच झाल्यासारखी चालायची. आणि शनिवारी आईचा फोन आला की कानाला लावून नुसतं "हं" करायची. आई एकटीच बोलायची. मांजराला पिल्लं झाली. बांगडा बक्कळ आलाय. आजीचा गुडघा. "हं." जेवतेस ना गो? "हं." दोन आवाज तिने असे वेगळे ठेवले होते, जसं मासळीची पाटी आणि देवाचं तबक कुणी एका कोनाड्यात ठेवत नाही. इथला आवाज परक्यांसाठी होता. इथे कुणाला शिवा माहीत नव्हता. आणि आता त्याच आवाजासमोर, समुद्रघोड्याच्या मागे, आई उभी होती.

"आणि आता सगळ्यात भारी गोष्ट," हेतल म्हणत होती, कारण माहितीत यापुढे तेच यायचं होतं, तिला ते टाळता आलं असतं पण जिभेला सवय झालेली, "हा देवमासा हाक मारायचा! आपल्यासारखी नाही. इतकी खोल, की आपल्या कानांना धड कळणारही नाही. पण पाण्यातून ती लांब, लांब, लांब जायची. आणि तिकडून कुठून तरी दुसरा देवमासा ओ द्यायचा." इथे ती थांबायची. इथे थांबलं की पोरांचे डोळे कसे गोल होतात ते तिला आवडायचं. पुढच्या रांगेत दात पडलेली एक मुलगी होती, कणीसवाली. तिने विचारलं, "आणि नाही दिली तर?" हे दर रविवारी कुणीतरी विचारायचंच. त्याचं उत्तर तयार होतं आणि ते हमखास पिकायचं. हेतल म्हणाली, "तर समजायचं, त्याचं रिचार्ज संपलं!" हॉल खो खो हसला. मोबाईलवाले काका तर गुडघ्यावर हात मारून. आणि हेतलने बघितलं, आईसुद्धा हसली. जरा उशिरा. आधी आजूबाजूला बघितलं, सगळे हसताहेत म्हणजे हसायचं असणार, मग ओठ हलवले, दात दिसण्यापुरते, सरकारी कचेरीत साहेब विनोद करतो तेव्हा माणसं हसतात तसं. परक्या ठिकाणी आलेली बाई. आपलं काही चुकू नये म्हणून हसणारी.

ते हसणं हेतलला सोसेना. आई ओरडली असती, पिशवी फेकून मारली असती, 'लबाड कार्टे' म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिला वाटलं छडी खाली टाकावी आणि त्या प्लास्टरच्या फासळ्यांमध्ये जाऊन लपावं, चौथी होऊन. पण टाळ्या वाजल्या, मुलं बिल्ल्याला हात लावून बघू लागली, एका बाईने सेल्फी काढला, आणि मग गर्दी कासवाकडे वळली, नेहमीसारखी, एकदम, पाणी ओसरल्यासारखी. हेतल तिथेच राहिली. आई जवळ आली.

"किती गो बोलतंस," आई म्हणाली. आणि मग, "पानी पितंस?"

हेतलने मान हलवली. सवयीने.

"अगो, आता तरी तोंडानं बोल की."

"नको," हेतल म्हणाली. आईसाठी दोन वर्षांतला तिचा पहिला शब्द 'नको' निघाला. "नको पाणी, आये."

आईने डोळे मिटले आणि उघडले, एवढंच. मग म्हणाली, "तुज्या मॅडमचा फोन आला व्हता. म्हनल्या, रैवारी येवन आयका, तुमची लेक लय सुंदर बोलते. मी म्हनला, राँग नंबर हाय." ती स्वतःच त्यावर हसली, या वेळी खरं. "परत फोन आला. म्हनल्या, हेतलचीच आय ना? मग म्हनला, बगून तरी येवंया. घरी कोनाला बोलली नाय. गुहागरला दातवाल्याकडं जातंय म्हनून आलेय."  कधीपासून, का लपवलंस, असलं काही विचारलं नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "दाकव मग. आलेय तशी सगळा बगून जातंय."

म्हणून मग मायलेकी संग्रहालय बघत फिरल्या, चार लोक फिरतात तशा. आई प्रत्येक टाकीपुढे थांबली. जिवंत मासा पोहताना आईने इतक्या सवडीने कधी बघितला नव्हता. तिच्याकडे यायचा तो बर्फातून. "हा हलवा बग गो! येवडा मोठा, आन् नुसता फिरवत ठेवलाय."

"आये, हळू. लोक बघतात."

"बगूंदेत. मी काय भाव सांगतंय काय?" आईने काचेवर बोट टेकलं. मासा वळून आला, बोटाशी तोंड उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं. आई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. "ह्याचीव वाचा बसलीय," ती म्हणाली. टोमणा होता की नुसतंच म्हणाली, हेतलला कळेना. पुढे बरण्यांची कपाटं होती. औषधाच्या पिवळट पाण्यात मुशीचं पिल्लू, कोळंबीच्या जाती, आणि खालच्या फळीवर एका मोठ्या बरणीत जन्मायच्या आधीच मेलेलं डॉल्फिनचं पिल्लू, डोळे मिटलेलं, ओठांवर हसू असल्यासारखं. आई खाली वाकली. पदर नाकाला लावला.

"ह्याला असाच ठेवतात?"

"हो. खराब होत नाही त्या पाण्यात."

"किती दिस?"

"कायमचं. शंभर वर्षंसुद्धा राहील."

"काडत नाय कदी भायेर? पुरत नाय?"

"नाही गं. बघायला ठेवलंय ना."

आई काही वेळ तशीच वाकून राहिली. काचेत तिचा चेहरा आणि पिल्लाचा चेहरा एकावर एक आले होते, आईच्या कपाळावरचं कुंकू बरोबर त्याच्या पोटापाशी. "मंजे दर्यातव नाय आन् मातीतव नाय," ती हळूच म्हणाली, कुणाला सांगायला नाही, हिशेब लागला की माणूस पुटपुटतो तसं. आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. त्या औषधाच्या वासाने हेतल एकाएकी दोन पावलं मागे सरकली. इतके रविवार तो वास तिच्या नाकाशी होता. तिला तो आवडायचासुद्धा, शाळेच्या प्रयोगशाळेसारखा, हुशारीचा वास. आता तो घरचा वाटला. रोज रात्री वाढलेल्या ताटाचा. कुणीतरी आईला बरणीत घालून झाकण लावलं होतं आणि ते झाकण तिच्या, हेतलच्या, हातात होतं, आणि ती इथे छडी फिरवत लोकांना हसवत होती.

दारातून बाहेर पडताना आईने एकदा मागे वळून वर बघितलं. "ती बोटा खरी हायत? का तुज्या खोट्यांतली?"

"खरी आहेत."

आईने स्वतःचा पंजा वर धरला, अंगठा दुमडला, चार बोटं सांगाड्याच्या चार बोटांसमोर धरून बघितली. मग हात खाली घेतला, कुणी बघितलं तर नाही ना म्हणून पहारेकऱ्याकडे चोरटा कटाक्ष टाकला, आणि चप्पल फटफटवत पायऱ्या उतरली.

मांडवीच्या जेटीवर आल्या तेव्हा दुपार कलली होती. पाणी ओसरत होतं, किनाऱ्याची काळी वाळू लांबवर उघडी पडलेली. भेळवाल्यांनी गाड्या लावायला घेतल्या होत्या. आईने पिशवीतून डबा काढला. घावणे, सुक्या जवळ्याची चटणी. हेतलने दोन घास खाल्ले आणि तिसरा हातातच राहिला. बाबांची होडी खाडीच्या तोंडाशी आली की ते मशीन बंद करायचे आणि हाक द्यायचे, "हेतल्याऽऽ!" आणि ती असेल तिथून, अभ्यासावरून, झोपेतून, एकदा तर न्हाणीतून साबणाच्या अंगाने, धक्क्यावर धावत जायची, "ओऽऽ!" करत. उशीर झाला तर ते रागावायचे, खोटंखोटं. "हाक मारनाऱ्याला ताटकळत ठेवायचा नाय गो. ओ द्यायला उशीर करायचा नाय. तो तिकडं येकटा आसतो."

"आयक," आई म्हणाली. ती पाण्याकडे बघत होती. "मी वाडीत बोलनार नाय. तू घरी आलीस की आपली हं हं करत ऱ्हा. माजा काय, सवय झालेय. मला येकदा तुजा आवाज आयकायचा व्हता, तेवडाच. आयकला." डब्याचं झाकण तिने दोनदा लावून बघितलं, लागलं होतं तरी. "तुज्या बापासारका हाय. मागल्या मानसापातूर जातो."

 हेतलने विचारलं, "आये, तुला रडायला येतं का गो?"

आईने विचार केला. खरंच विचार केला, कपाळाला आठी घालून, बाजारात कुणी नव्या माशाचं नाव विचारल्यासारखा. "काय म्हाईत," ती म्हणाली. "इसरला आसल."

हेतल उठली. जेटीच्या पायऱ्या खालून शेवाळलेल्या होत्या, ती भिंत धरून उतरली, बूट काढले, मोजे आत कोंबले. पाणी कोमट होतं. छातीवर बिल्ला तसाच होता. मागे आईने काहीतरी म्हटलं, "अगो, निसरडा हाय," आणि मग एकदम गप्प झाली, कारण तिला कळलं. शेवटच्या रांगेकडे बघून बोलायचं. हेतलने बघितलं. शेवटची रांग फार लांब होती, तिथे पाणी आणि आभाळ एक झालं होतं आणि एक बारकी होडी तिरकी उभी होती, आपली नव्हे, दुसऱ्या कुणाची. तिने श्वास घेतला.

"शिवाऽऽ!"

किती मोठा आला. जेटीवरच्या माणसांनी वळून बघितलं. नाव तोंडातून गेलं तेव्हा ओळखीचं वाटलंच नाही, एखाद्या मुलाचं नाव वाटलं, खेळायला गेलेला, जेवायला बोलवायचा राहिलेला. लाट आली, घोट्यांवरून गेली, परतली. तिने दुसरी मारली. तिचा शेवट जरा फाटला. लाट आली, गेली. आणि मग ती थांबली. दोन हाका झाल्या होत्या. दोन म्हणजे काहीच नाही. दोन हाका मारून वर चढता आलं असतं, मोजे घालता आले असते, रात्री घरी ताट वाढलं गेलं असतं, भात, वर कालवण, कडेला मीठ. या दुसऱ्या आणि तिसऱ्या हाकेच्या मध्ये बाबा होते. अगदी होते. थर्मासचं झाकण उघडत होते, मिशीला चहा लागला होता. तिला वाटलं, इथेच उभं राहावं, म्हातारं होईपर्यंत, इथे जागा आहे. तिने मागे बघितलं. आई वरच्या पायरीवर उभी होती, पदराचा बोळा तोंडात धरून, डोळे कोरडे ठणठणीत, सताड उघडे, आणि ती हेतलकडे बघत नव्हती, पाण्याकडे बघत होती. कान देऊन. दोन वर्षं ती असाच कान देऊन उभी होती.

"शिवाऽऽ!"

लाट यायला वेळ लागला. आली. घोट्यांपर्यंत पोचलीच नाही, अलीकडेच मोडली आणि मागे गेली. ती लांबची होडी तशीच तिरकी उभी होती. कुणी ओ दिली नाही. पाण्याने नाही, वाऱ्याने नाही.

मग मागून एक आवाज आला. आधी हेतलला कळेना कशाचा. गंजलेलं मशीन पहिल्या दोरीला घरघरतं आणि बंद पडतं, पुन्हा घरघरतं, तसा. मग तो लागला. आई पायरीवर बसली होती, डबा लवंडला होता, आणि ती रडत होती, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी, कसं रडायचं ते वाटेत शिकत शिकत. भेळवाल्याने गाडीवरचा पंखा बंद केला. त्या रडण्यात बाबांचं नाव होतं, देवाचं होतं, आणि मध्येच कुठेतरी, हुंदक्यात अर्धं गिळलेलं, हेतलचं होतं. "हेतल... हेतल गोऽऽ..."

हेतल शेवाळावरून घसरत, ढोपरं फोडत वर धावली.

"ओ," ती म्हणाली. संग्रहालयातला आवाज नव्हता तो. बारका होता, जवळच्यालाच ऐकू जाईल एवढा. "ओ, आये. ओ."